स्वस्तातली पहिली रायफल : जॉन ब्राउनिंग

एनसीसीत पॉइंट टू-टू फायरिंग केलेल्यांना रिमफायर गोळी माहीत असेलच. पेट घेणारा मसाला हिच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो. धक्का कमी, खर्च कमी, म्हणून नवशिक्याने सुरुवात हिनेच करावी. पण खिसा हलका असेल तर रायफल कोणती घ्यावी? शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न सोडवणारे जॉन मोझेस ब्राउनिंग मला म्हणूनच आवडतात.

१८५५ साली अमेरिकेत, युटामधल्या ऑग्डेनला त्यांचा जन्म झाला. वडील बंदुका बनवायचे. डिग्री वगैरे काही नाही, शिकले ते वडिलांच्या वर्कशॉपमध्ये! १८७९ मध्ये पहिलं पेटंट मिळालं. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीने त्या रायफलचे हक्क घेतले. मग त्यांची १८९० ची पंप रिमफायर लाखांनी खपली.

पण माझी फेव्हरिट म्हणजे मॉडेल १९००. एकावेळी एकच गोळी, साधं लाकूड, दस्त्याला मागची पट्टीसुद्धा नाही. बोल्ट लावला तरी घोडा आपोआप चढत नाही; मागची मूठ हाताने ओढावी लागते. पार्ट्स कमी झाले आणि नवशिक्याची सेफ्टीही वाढली! अशा लाखभर रायफली बनल्या.

पुढे त्यांनी सैन्यासाठी मशीनगनही बनवल्या. १९२६ मध्ये बेल्जियममधल्या लीएजच्या कारखान्यात, कामावरच ते गेले. नावावर १२८ पेटंट्स.

मित्रांनो, काय काढून टाकायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे ज्याला कळलं तोच खरा इंजिनिअर. कमी पैसेवाल्या गिऱ्हाइकालाही चांगली वस्तू मिळायलाच हवी ना!