रोज एक मिलिमीटर

तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा या भागातून पहाटेच्या वेळी जाणाऱ्या प्रवाशाला रस्त्याच्या कडेने धावणारी मुले हमखास दिसतात. धाराशिव जिल्ह्यातील या तरुणांचे लक्ष्य बहुधा पोलीस भरती किंवा सैन्यभरती असते. पावसाच्या भरवशावरील शेती आणि जवळपास कारखानदारीचा अभाव असलेल्या या जिल्ह्यात खाकी गणवेश ही घराला आधार देणारी गोष्ट आहे. धावण्याचा वेळ सरावाने कमी करता येतो, छाती व्यायामाने फुगवता येते. उंचीच्या पट्टीपुढे मात्र कोणाचेच काही चालत नाही. महाराष्ट्र पोलीस दलात पुरुष शिपायासाठी 165 सेंटिमीटर उंची लागते, आणि 163 वर थांबलेला मुलगा त्या पट्टीकडे ज्या नजरेने पाहतो ती नजर शहरातल्या वाचकाने कदाचित पाहिलेली नसेल. शहरात हीच पट्टी रविवारच्या वधूवर सूचक जाहिरातींत भेटते, एवढाच फरक.

पाय कापून लांब करता येतो, ही गोष्ट आता या मुलांच्याही कानावर गेलेली आहे. ती खोटी नाही. पण ज्या माणसाने ती शक्य केली, त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते, आणि त्या माणसाने आयुष्यभर कशाचा हिशेब मांडला हेही ठाऊक नसते. गाव्रिल अब्रामोविच इलिझारोव्ह हे ते नाव.

इलिझारोव्ह यांचा जन्म 15 जून 1921 रोजी पोलंडमधील बियालोविएझा येथे झाला. वडील कॉकेशसमधील डोंगरी ज्यू समाजाचे. लवकरच हे कुटुंब वडिलांच्या मूळ गावी, आजच्या अझरबैजानमधील कुसार येथे परतले. घरात दारिद्र्य होते. मुलगा शाळेत गेला तोच उशिरा, आणि गेला तो एकदम वरच्या वर्गात बसला. लहानपणी मोरचूद फवारलेली नासपती न धुता खाल्ल्याने त्यांना विषबाधा झाली आणि गावच्या वैद्यकीय मदतनिसाने त्यांचा जीव वाचवला, तेव्हाच डॉक्टर होण्याचे त्यांच्या मनाने घेतले, असे सांगतात. द्राक्षबागेत मोरचूद वापरणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला ही गोष्ट सहज पटावी.

1939 मध्ये त्यांनी क्रायमियातील सिम्फेरोपोल येथील वैद्यकीय संस्थेत प्रवेश घेतला. दोनच वर्षांत युद्ध दारात आले, संस्था कझाकस्तानातील किझिलोर्दा येथे हलवावी लागली, आणि 1944 मध्ये पदवी हाती पडताच तेवीस वर्षांच्या या डॉक्टरची रवानगी पश्चिम सायबेरियातील कुर्गान प्रांतात झाली. दोल्गोव्का नावाच्या खेड्यात ते एकटे डॉक्टर. बाळंतपणापासून अपघातापर्यंत सारे काही त्यांनीच पाहायचे, हिवाळ्यात बर्फावरून घसरगाडीने रुग्णाकडे जायचे. अस्थिरोगाचे खास शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. पुढे त्यांच्यावर जी टीका झाली तिचे मूळ यात होते, आणि त्यांच्या यशाचेही मूळ यातच असावे असे मला वाटते. हाडाला काय जमत नाही, हे त्यांना कोणी पढवले नव्हते.

युद्ध संपले तेव्हा गावोगाव जखमी सैनिक परतले. कोणाचे हाड जुळलेच नव्हते, कोणाचे वाकडे जुळले होते, कोणाच्या जखमेतून वर्षानुवर्षे पू वाहत होता. त्या काळचा उपाय म्हणजे प्लॅस्टर आणि अंथरूण. महिनोन्‌महिने निजून राहिलेल्या रुग्णाचे सांधे आखडत आणि स्नायू वाळून जात, हाड मात्र तसेच राही. तुटलेली दोन टोके घट्ट धरून ठेवावीत आणि तरीही माणसाला पायावर उभे राहता यावे, अशी काही योजना हवी होती. घोडागाडीच्या दांड्या आणि जू यांची बांधणी पाहून त्यांना ती सुचली, अशी आख्यायिका आहे. खरे खोटे कसेही असो, 1950 मध्ये कुर्गानच्या प्रांतिक रुग्णालयात आल्यावर त्यांनी जे उपकरण तयार केले ते दिसायला अगदी साधे होते. पायाभोवती धातूच्या कड्या, सायकलच्या चाकातील आऱ्यांप्रमाणे हाडातून आरपार जाणाऱ्या, ताणून बसवलेल्या बारीक तारा, आणि कड्यांना एकमेकींशी जोडणारे आटे पाडलेले दांडे. 1952 मध्ये त्यांनी या शोधाच्या नोंदणीसाठी अर्ज केला आणि 1954 मध्ये प्रमाणपत्र मिळाले.

हे उपकरण मुळात हाडाची टोके एकमेकांवर दाबून धरण्यासाठी होते. दांड्यावरील नट फिरवला की कड्या जवळ येत. एका रुग्णाने नट चुकून उलट्या दिशेने फिरवले, टोके दूर गेली, आणि क्ष-किरण चित्रात त्या फटीत नवे हाड तयार होताना दिसले, अशी हकिकत वारंवार सांगितली जाते. चूक कोणाची का असेना, ती पाहून उपकरण दुरुस्त करून गप्प बसणारे डॉक्टर पुष्कळ असतील. इलिझारोव्ह थांबले आणि विचार करू लागले.

पाय लांब करण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. इटलीतील कोदिव्हिला या शल्यविशारदाने 1905 मध्येच तसे प्रयोग प्रसिद्ध केले होते. पण हाड जोराने ओढले की मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या ताणल्या जात, फट भरून येत नसे, जंतुसंसर्ग होई. इलिझारोव्ह यांनी कुत्र्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून ओढण्याचा वेग मोजला. हाडाचे कठीण कवच काळजीपूर्वक छेदायचे, आतील मज्जा आणि वरील आवरण शक्य तितके शाबूत ठेवायचे, आठवडाभर काहीच करायचे नाही, आणि मग रोज एक मिलिमीटर. तोही एका दमात नाही, पाव पाव मिलिमीटर करून दिवसातून चार वेळा. रोज अर्धाच मिलिमीटर ओढले तर फट वेळेआधी भरून बंद होते, दोन मिलिमीटर ओढले तर नवे हाड धरत नाही आणि भोवतालच्या ऊतींना इजा होते. या मापात ओढल्यास हाडाबरोबर स्नायू, त्वचा, रक्तवाहिन्या, मज्जातंतू असे सगळेच वाढू लागते, असे त्यांना दिसून आले. या प्रयोगांचे सविस्तर निबंध पाश्चात्त्य नियतकालिकात 1989 मध्ये छापून आले.

येथे थोडा हिशेब करावा लागेल, कारण उंची वाढवू पाहणारे नेमके येथेच फसतात. सहा सेंटिमीटर वाढवायचे तर ओढण्याचे दिवस साठ. पण त्या साठाव्या दिवशी फटीत जे असते ते कोवळे, वजन न पेलणारे हाड असते. ते पक्के होण्यास त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. ढोबळ मानाने एका सेंटिमीटरमागे एक महिना चौकट पायावर बाळगावी लागते, म्हणजे सहा सेंटिमीटरला सहा महिने. तारा जेथे त्वचेत शिरतात त्या जागा रोज स्वच्छ ठेवाव्या लागतात, कारण तेथे पू होतो. पोटरीचे स्नायू हाडाच्या मानाने मागे पडतात, टाच टेकेनाशी होते, गुडघा आखडतो. हे टाळण्यासाठी दिवसाचे कित्येक तास व्यायामात जातात. झोप लागत नाही, ते वेगळेच.

आणि चौकट काढण्याचा दिवस. रुग्णाला तो सुटकेचा वाटतो, शल्यविशारदाला जोखमीचा. घाईने काढली तर नवे हाड वाकते किंवा मोडते, आणि सारे पुन्हा पहिल्यापासून. म्हणून क्ष-किरण चित्रात फटीच्या चारपैकी निदान तीन बाजूंना कवच धरलेले दिसावे लागते. मग तारा न काढता आधी फक्त दांडे सैल करतात आणि रुग्णाला त्या ढिल्या चौकटीसह काही दिवस चालू देतात. दुखले नाही, वाकले नाही, तरच तारा निघतात. त्यानंतरही काही आठवडे काठी हातातून सुटत नाही, आणि तारांच्या खुणा जन्मभर राहतात.

मॉस्कोतील नामवंत प्राध्यापकांनी या पद्धतीची बराच काळ दखल घेतली नाही. खेड्यातून आलेल्या डॉक्टरचे हे फिटरकाम, अशी तिची हेटाळणी झाली. इलिझारोव्ह यांना दहा-पंधरा वर्षे थांबावे लागले. चित्र पालटले ते एका खेळाडूमुळे. उंच उडीत 2.28 मीटरचा जागतिक विक्रम करणारा आणि 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारा वालेरी ब्रुमेल 1965 मध्ये मोटारसायकल अपघातात सापडला. उजव्या पायाचा चुराडा झाला. अनेक शस्त्रक्रिया होऊनही हाड जुळेना, पाय आखूड राहिला. 1968 मध्ये तो कुर्गानला आला, बरा झाला आणि पुढे पुन्हा दोन मीटरहून उंच उडी मारू शकला. त्याच वर्षी पेर्म येथे इलिझारोव्ह यांनी खालच्या पदवीसाठी सादर केलेल्या प्रबंधावर परीक्षकांनी त्यांना थेट डॉक्टर ऑफ सायन्स ही वरची पदवी दिली. 1971 मध्ये कुर्गानमध्ये स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली. हाताच्या दुखण्याने हैराण झालेले थोर संगीतकार शोस्ताकोविच हेही 1970 मध्ये त्यांच्याकडे उपचारासाठी जाऊन राहिले होते. 1978 मध्ये लेनिन पारितोषिक आले.

पश्चिमेकडे ही विद्या गेली ती इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी यांच्या पायावरून. बर्फावरील अपघातात मोडलेला त्यांचा पाय वर्षानुवर्षे धड जुळत नव्हता. थोर हायरडाल यांच्या रा मोहिमेत त्यांच्यासोबत असलेल्या रशियन डॉक्टर सेन्केविच यांच्यामुळे त्यांना कुर्गानची वाट सापडली. 1980 मध्ये ते तेथून सरळ पायाने परतले आणि मायदेशातील डॉक्टर चकित झाले. पुढच्याच वर्षी, वयाच्या साठाव्या वर्षी, इलिझारोव्ह यांनी इटलीतील बेल्लाजिओ येथे पाश्चात्त्य शल्यविशारदांपुढे व्याख्यान दिले. सभागृह उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. 1982 मध्ये माउरी यांच्या लेको गावी या पद्धतीच्या अभ्यासकांची संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी माउरी हृदयविकाराने गेले.

7 डिसेंबर 1988 रोजी अर्मेनियातील स्पिताक भूकंपाने उद्ध्वस्त झाले. भिंतींखाली चिरडलेल्या हातापायांवर इलिझारोव्ह यांच्या कड्या चढल्या. सास्तूर आणि किल्लारीचा 30 सप्टेंबर 1993 चा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे, त्यांना दगडमातीच्या भिंतीखाली सापडलेला पाय म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. अशा पायांसाठी, पोलिओने आखूड झालेल्या आणि जन्मतः वाकड्या पायांसाठी ही विद्या जन्मली होती.

धडधाकट माणसाची उंची वाढवण्याचा बाजार नंतर आला. चीनने 2006 मध्ये केवळ सौंदर्यासाठी होणाऱ्या अशा शस्त्रक्रियांवर बंदी घातली. उमरग्याहून महामार्गाने थेट गाठता येणाऱ्या हैदराबादेत 2016 मध्ये एका तरुणाने घरच्यांना न सांगता ही शस्त्रक्रिया करून घेतली, आणि ते प्रकरण वैद्यकीय परिषदेपर्यंत गेले. आता बाहेरच्या कड्यांऐवजी हाडाच्या पोकळीत बसणारा, चुंबकाच्या साह्याने लांबणारा खिळाही निघाला आहे. तो दिसत नाही, त्वचेत तारा नसतात, म्हणून सोपा वाटतो. पण रोजच्या एका मिलिमीटरचा नियम त्यालाही चुकलेला नाही. शिवाय वर्ष-दोन वर्षांनी तो काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि स्क्रूंची भोके भरून येईपर्यंत धावणे वर्ज्य असते. पोलादी खिळ्यांचा एक प्रकार 2021 मध्ये उत्पादकाला बाजारातून मागे घ्यावा लागला, कारण सांध्याशी धातू झिजून आणि गंजून भोवतालच्या हाडात बदल दिसू लागले होते. भरतीच्या तारखेकडे डोळे लावून बसलेल्या मुलाला दोन सेंटिमीटरसाठी हा सौदा सुचवणारा माणूस गुडघ्याला बाशिंग बांधायला सांगतो आहे, एवढेच म्हणता येईल.

इलिझारोव्ह यांना जादूचे प्रयोग करण्याचा षोक होता. संस्थेतील मुलांपुढे आणि पाहुण्यांपुढे ते हातचलाखी करून दाखवत. शस्त्रक्रियेच्या बाबतीत मात्र त्यांनी मिलिमीटरच्या हिशेबाशी कधी चलाखी केली नाही. 1991 मध्ये ते रशियाच्या विज्ञान अकादमीवर निवडले गेले. 24 जुलै 1992 रोजी कुर्गानमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय एकाहत्तर. त्यांना तेथेच दफन करण्यात आले, आणि त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत आजही रुग्ण दिवसातून चार वेळा पाव पाव मिलिमीटर नट फिरवत असतात.