कॅमेऱ्याआधीचा कॅमेरा

आमच्या कॉलेजच्या जिन्यात एक कॅमेरा होता. त्याची वायर मागून चक्क लोंबकळत होती, सगळ्यांना दिसायची. तरीही त्याच्याखालून जाताना आम्ही जरा सरळ चालायचो, आवाज खाली यायचा. न जाणो, चालू असला तर? प्रत्येक कॉलेजात, सोसायटीत, सिग्नलवर, मेट्रोच्या स्टेशनवर आता असे काळे डोळे आहेत आणि त्यांच्या पलीकडे कुणी बसलंय की नाही हे आपल्याला कधीच कळत नाही. गंमत म्हणजे हे जे न जाणो म्हणून सरळ चालणं आहे ना, ते एका माणसानं जवळपास अडीचशे वर्षांपूर्वी कागदावर आखून ठेवलं होतं. तेव्हा वीज नव्हती, फोटोग्राफीसुद्धा नव्हती.

जेरेमी बेंथम. पॉलिटिकल सायन्सवाल्यांना तो पेपरात भेटतो. उपयुक्ततावाद, जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख, टीप लिहा, पाच मार्क. बाकीच्यांना तोही नाही. पण त्या पाच मार्कांच्या पलीकडचा बेंथम जास्त इंटरेस्टिंग आहे आणि थोडा त्रासदायकही.

१५ फेब्रुवारी १७४८ ला लंडनमध्ये त्याचा जन्म झाला. वडील पैसेवाले वकील, पोरगा अतिहुशार. वयाच्या तिसऱ्या वर्षी लॅटिन, बाराव्या वर्षी ऑक्सफर्डचं क्वीन्स कॉलेज! अंगानं किरकोळ, मैदानी खेळांत शून्य, व्हायोलिन मात्र छान वाजवायचा. ऑक्सफर्डमध्ये त्या काळी चर्च ऑफ इंग्लंडच्या ३९ कलमांवर सही करावी लागे. त्याला ती कलमं पटली नव्हती, तरी सही करावी लागली. मनात एक आणि कागदावर दुसरं, याची ती टोचणी त्याला आयुष्यभर राहिली. वडिलांना वाटत होतं की मुलगा एक दिवस लॉर्ड चॅन्सेलर होणार. १७६९ मध्ये त्याला वकिलीची सनद मिळालीसुद्धा. पण बेंथमनं वकिली केलीच नाही. हे कायदे असले गबाळे का आहेत, यातच त्याचं डोकं अडकलं. १७७६ मध्ये त्यानं पहिलं पुस्तक छापलं, तेही निनावी. आणि टीका कुणावर? तर ज्याची लेक्चर्स ऑक्सफर्डला बसून ऐकली त्या ब्लॅकस्टोनवर, म्हणजे इंग्लिश कायद्यातल्या सगळ्यात मोठ्या नावावर.

खरी गोष्ट सुरू होते ती रशियात. त्याचा धाकटा भाऊ सॅम्युअल इंजिनिअर होता आणि प्रिन्स पोटेम्किनच्या क्रिचेव्ह इथल्या जहागिरीवर कामाला होता. हे गाव आज बेलारूसमध्ये आहे. तिथे कारखाने उभे करायचे होते आणि हाताखाली होते न शिकलेले भूदास. लक्ष तरी कुणाकुणावर ठेवायचं? सॅम्युअलनं तोडगा काढला की गोल इमारत बांधायची आणि मुकादमाला मधोमध बसवायचं. १७८६ च्या सुरुवातीला जेरेमी भावाकडे पोचला, त्यानं हा आराखडा पाहिला आणि तो झपाटलाच. हे फक्त कारखान्यापुरतं नाही, हे तर तुरुंगाला, शाळेला, दवाखान्याला, वेड्यांच्या इस्पितळाला, सगळीकडे चालेल! त्यानं तिथूनच घरी पत्रांवर पत्रं धाडली. १७९१ मध्ये ती पुस्तकरूपानं आली. नाव ठेवलं पॅनोप्टिकॉन, म्हणजे सगळं दिसणारी जागा.

ही इमारत डोळ्यापुढे आणायला आपली चाळ घ्या. मधे चौक, चारी बाजूंनी गॅलऱ्या. चाळीत कुणाचंच काही लपत नाही, पण तिथे बघणं दोन्ही बाजूंनी असतं. समोरच्या काकू तुम्हाला बघतात, तुम्ही काकूंना बघता. आता ही चाळ गोल करा. प्रत्येक खोलीच्या दोन्ही बाजूंना भिंत घाला म्हणजे शेजारी दिसणार नाही. बाहेरच्या अंगाला खिडकी ठेवा म्हणजे मागून उजेड येऊन आतल्या माणसाची हालचाल स्पष्ट दिसेल. आणि चौकाच्या मध्यभागी एक खोली बांधा, तिला अशा पट्ट्या लावा की आतल्या पहारेकऱ्याला सगळे दिसतील, पण तो कुणालाही दिसणार नाही. झालं. आता त्या खोलीत पहारेकरी प्रत्येक क्षणी असायलाही नको. कैद्याला वाटलं की तो आहे, तर काम झालं. आमच्या जिन्यातली लोंबकळती वायर हीच.

बेंथम दुष्ट होता का? मला वाचताना सारखा हा प्रश्न पडत होता. तेव्हाचे तुरुंग म्हणजे नरक होते. अंधार, रोगराई, पायात बेड्या, जेलरला पैसे चारल्याशिवाय धड काही मिळत नसे, आणि किरकोळ चोरीलासुद्धा फाशी. त्याच्या गोल इमारतीत उजेड होता, स्वच्छता होती, बेड्यांची गरज नव्हती. आधी त्यानं प्रत्येक कैद्याला एकटं ठेवायचं ठरवलं होतं, नंतर विचार बदलून दोघा-चौघांना एकत्र ठेवायला तयार झाला. तुरुंगाचं कंत्राट तो स्वतः घेणार होता, जेलर म्हणून तिथेच राहणार होता. कैद्यांच्या कामाचा नफा त्याचा, पण ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त कैदी मेले तर दर माणशी दंडही त्यानंच भरायचा.

आणि आराखड्यात आणखी एक गोष्ट होती, जी आपण सगळे विसरलो. या तुरुंगाचं दार लोकांसाठी उघडं असणार होतं. कुणीही यावं, जेलर काय करतो ते पाहावं, त्याचे हिशेब वाचावेत. म्हणजे मधला माणूस सगळ्यांना बघणार आणि बाहेरचे सगळे त्या मधल्या माणसाला बघणार. जगानं यातला पहिला भाग उचलला. दुसरा बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला. आपल्याकडचंच बघा. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मग २०२३ मध्ये डिजिटल डेटा संरक्षणाचा कायदा आला. त्यात सरकारला आपल्याच यंत्रणांना सूट देता येते. त्याच कायद्यानं माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलमही बदललं आणि आता अधिकाऱ्यांबद्दलची माहिती वैयक्तिक म्हणून नाकारणं सोपं झालं, अशी माहिती अधिकार कार्यकर्त्यांची तक्रार आहे.

तरी बेंथमला साफ सोडून देता येत नाही. दंडाविषयीच्या लेखनात त्यानं सुचवलेली एक गोष्ट वाचून मी पान उलटायचीच थांबले. इंग्लिश खलाशी मनगटावर नाव गोंदवून घेत. बेंथमला वाटलं, हे सगळ्यांनीच केलं तर किती बरं! प्रत्येकाला वेगळं, एकमेव नाव आणि ते मनगटावर गोंदलेलं. कोण कुठला, लगेच कळेल, गुन्हेगार सापडेल. यात माणसाचं काय जातं, हे त्याला फारसं दिसलंच नाही. आधार कार्ड खिशात ठेवता तरी येतं.

मग वीस वर्षं वाया गेली. लंडनला परतल्यावर त्यानं पॅनोप्टिकॉन विकायला सुरुवात केली. फ्रान्सला देऊ केलं. फ्रान्सनं १७९२ मध्ये मानद नागरिकत्व दिलं, तुरुंग नाही बांधला. पंतप्रधान विल्यम पिटला कल्पना आवडली, १७९४ मध्ये कायदाही झाला. पण जागा? जिथे जावं तिथले जमीनदार म्हणणार, तुरुंग हवा, पण आमच्या शेजारी नको. आपल्याकडे कचरा डेपोबद्दल असतं तसंच. अखेर १७९९ मध्ये थेम्सकाठी मिलबँकची दलदलीची जमीन घेतली गेली. तोवर वडिलांकडून आलेल्या वारशातला बराच पैसा त्यानं यात ओतला होता. पण फाइल काही पुढे सरकेना. आज होईल, उद्या होईल. कुणी नाही म्हणत नव्हतं, कुणी करतही नव्हतं. शेवटी संसदेच्या समितीनं योजना फेटाळली आणि १८१३ मध्ये २३,००० पौंड नुकसानभरपाई देऊन त्याला वाटेला लावलं. मिलबँकला १८१६ मध्ये तुरुंग उघडला खरा, पण तो दुसऱ्याच आराखड्याचा. पुढे तोही पाडला. १८९७ पासून तिथे टेट गॅलरी आहे.

या वीस वर्षांत बेंथमला एक गोष्ट पुरती कळली. सरकार नावाच्या खोलीत काय चालतं, ते बाहेरून काहीच दिसत नाही. राजा तिसऱ्या जॉर्जनंच आपला घात केला अशी त्याची खात्री झाली होती. ती खरी असो नसो, साठीतला हा माणूस त्यानंतर चांगलाच जहाल झाला. कैद्याकडे रोखलेली नजर त्यानं मंत्र्यांकडे वळवली. कारभार उघडा हवा, हिशेब छापले पाहिजेत, लोकांना दिसलं पाहिजे. आणि इथे लक्ष द्या. मतदान मात्र गुप्त हवं, असं तो सांगू लागला. कारण इंग्लंडमध्ये तेव्हा मत उघडपणे द्यावं लागे आणि कूळ कुणाला मत देतं हे जमीनमालक समोर उभा राहून बघत असे. जो बलवान आहे त्याच्यावर उजेड हवा आणि जो दुबळा आहे त्याला पडदा हवा, हे त्याला मतपेटीपुरतं तरी पटलं होतं. कैद्याला मात्र त्यानं तो पडदा कधी दिला नाही.

त्याचा स्वतःचा पडदा एका कपाटात होता. वेस्टमिन्स्टरच्या घरात तो जवळजवळ संन्याशासारखा राहायचा. लग्न नाही. काठीचं नाव डॅपल, मांजराचं नाव सर जॉन लँगबोर्न, पुढे मांजर पोक्त झाल्यावर त्याला रेव्हरंडही केलं! रोज पानंच्या पानं लिहायची आणि बरीचशी तशीच ठेवून द्यायची. अक्षर इतकं वाईट की २०१० पासून जगभरचे स्वयंसेवक ऑनलाइन बसून ते कागद लावतायत. त्याच ढिगात १७८५ च्या सुमाराची काही पानं होती. पुरुषानं पुरुषावर प्रेम करणं हा गुन्हा का असावा, यात कुणाचं नुकसान होतं, असा साधा, कायदेशीर युक्तिवाद त्यात होता. इंग्लंडमध्ये तेव्हा त्याला फाशी होती. बेंथमनं ती पानं कधीच छापली नाहीत. लोक काय म्हणतील, आपल्या बाकीच्या सुधारणाही बदनाम होतील, ही भीती. ती प्रसिद्ध झाली १९७८ मध्ये, म्हणजे तो जाऊन जवळपास दीडशे वर्षं झाल्यावर. आपल्या दंडसंहितेवर बेंथमच्या विचारांची छाप आहे असं सांगतात, पण १८६० च्या त्या संहितेत ३७७ वं कलम होतंच आणि संमतीच्या नात्यांपुरतं ते काढायला आपल्याला २०१८ उजाडलं.

सगळं सगळ्यांना दिसावं म्हणणारा हा माणूस आपला सगळ्यात धाडसी विचार लपवून ठेवत होता. नजरेनं माणूस सुधारतो, असा त्याचा हिशेब होता. नजरेनं माणूस गप्पही होतो, याचा पुरावा त्याच्याच कपाटात पडून होता. ग्रुपवर मेसेज टाइप करून, परत वाचून, डिलीट करणाऱ्या आपल्यासारख्यांना ते कपाट ओळखीचं वाटायला हरकत नाही.

पॅनोप्टिकॉन जसंच्या तसं फारसं कुठे बांधलं गेलं नाही, पण त्याची पिल्लं जगभर झाली. मधे मनोरा आणि त्यातून फुटलेल्या सात लांब इमारती, असं अंदमानचं सेल्युलर जेल १९०६ मध्ये पूर्ण झालं. सावरकर बंधूंमुळे ते आपल्याला घरच्यासारखं माहीत आहे. तिथे एका इमारतीच्या कोठड्या दुसरीच्या पाठीकडे तोंड करून होत्या, म्हणजे कैद्याला कैदी दिसायला नको.

६ जून १८३२ ला, ८४ व्या वर्षी बेंथम गेला. जास्त लोकांना मताचा हक्क देणाऱ्या सुधारणा कायद्यावर दुसऱ्याच दिवशी राजाची मोहोर उठली. त्यानं मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की माझ्या देहाचं लोकांसमोर विच्छेदन करा, विज्ञानाला उपयोग होऊ दे. मग सांगाडा माझ्याच कपड्यांत भरा आणि खुर्चीवर बसवून ठेवा. तसंच केलं. डोकं टिकवायचा प्रयोग मात्र फसला, चेहरा भयाण झाला, म्हणून मेणाचं डोकं बसवलं. १८५० पासून तो युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये आहे. १९७५ मध्ये फ्रेंच विचारवंत मिशेल फुकोनं तुरुंगांवरच्या पुस्तकात पॅनोप्टिकॉनला आधुनिक समाजाचं चित्र म्हणून जगप्रसिद्ध केलं. त्याच वर्षी शेजारच्या किंग्ज कॉलेजच्या पोरांनी बेंथमचं खरं डोकं पळवलं आणि एका धर्मादाय संस्थेसाठी १०० पौंड मागितले. सौदा १० पौंडांत तुटला.

२०१५ मध्ये त्याच्या पेटीवर एक वेबकॅम बसवला होता. कॅमेऱ्याचं तोंड बाहेरच्या बाजूला होतं, त्यामुळे बघायला आलेले लोक इंटरनेटवर दिसायचे आणि बेंथम दिसायचा नाही. २०२० पासून तो तिथल्या स्टुडंट सेंटरमध्ये काचेच्या नव्या पेटीत बसलाय, अंगात स्वतःचे कपडे, डोक्यावर हॅट, जवळ डॅपल. मास्टर्ससाठी लंडनला जाणार असाल तर बघून या, तिकीट नाही.