खरं सांगायचं, पण कसं?

ना. वा. टिळकांची ओळख आपल्याला शाळेत झाली. जखमी पक्षिणीची कविता मार्कांसाठी पाठ केली आणि ‘फुलामुलांचे कवी’ ही रिकामी जागा भरली. पण आज ग्रुपवर धर्माचा विषय निघाला की दहाव्या मेसेजला कुणीतरी लेफ्ट होतं. अशा वेळी टिळकांचं आयुष्य पुन्हा वाचायला हवं. आपल्याला पटलेलं सत्य जवळच्या माणसाला सांगायचं कसं, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडवला. पहिल्या वेळी तो त्यांना सुटलाच नव्हता.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. कुटुंब चित्पावन ब्राह्मणाचं. संस्कृत उत्तम, कविता रक्तात, आणि स्वभाव एकदम तापट. एका जागी टिकणं माहीतच नाही. लग्न झालं ते नाशिकजवळच्या जलालपूरच्या मनकर्णिका गोखलेशी. त्याच आपल्या लक्ष्मीबाई. माहेरी सोवळं इतकं कडक की त्यापुढे बाकी काही सुचू नये.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात टिळकांना एक परदेशी प्रवासी भेटला. त्याने सुरुवात केली संस्कृत काव्यापासून. गप्पा रंगल्या आणि उतरताना त्याने ‘नवा करार’ हातात ठेवला. टिळकांनी तो वाचायला घेतला आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. शत्रूवरही प्रेम करा, ही शिकवण त्यांना सोडेना. जातिभेद त्यांना आधीपासूनच खुपत होता.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला विश्वासात न घेता. लक्ष्मीबाईंना ही बातमी कळली ती इतरांकडून. पदरात लहानगा दत्तू, डोक्यावर समाजाचा बहिष्कार, आणि नवरा जिवंत असून नसल्यासारखा. टिळकांना सत्य सापडलं होतं, पण त्याची किंमत घरातल्या माणसाने मोजली. पुढची जवळजवळ पाच वर्षं दोघं वेगळे राहिले.

यानंतरचे टिळक मात्र वेगळे दिसतात. लक्ष्मीबाई अखेर नगरला त्यांच्याकडे आल्या, त्या स्वतःचं सोवळं घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी ते चालू दिलं. चिडचिड, वाद, विसरभोळेपणा सगळं होतं, पण बाप्तिस्मा घे म्हणून जबरदस्ती नव्हती. लक्ष्मीबाई बघत राहिल्या, विचार करत राहिल्या. जात माणसाने केलेली आहे, हे त्यांना स्वतःहून पटलं आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. निर्णय त्यांचा होता, म्हणून तो टिकला.

तरुण कवी त्र्यंबक ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, काही काळ नगरला टिळकांच्या घरी राहिले. दोघांनी त्यांना मुलासारखं सांभाळलं. घरात प्रार्थना व्हायची, ख्रिस्ताबद्दल बोलणं व्हायचं, काही लपवाछपवी नव्हती. बालकवी शेवटपर्यंत हिंदूच राहिले. त्यामुळे माया कमी झाली नाही.

आणि कडू बोल फक्त हिंदूंसाठी राखून ठेवले होते असंही नाही. सगळ्यात अवघड गोष्ट त्यांनी सांगितली ती आपल्याच मंडळींना. ख्रिस्ती झालं म्हणजे साहेब व्हायचं नसतं, हे मराठी ख्रिस्ती लोकांना. आणि तुम्ही आमचे मायबाप होऊ नका, भाऊ व्हा, हे मिशनऱ्यांना. नुसतं बोलून थांबले नाहीत, पर्याय उभा केला. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असं ते मानत. म्हणून चर्चमध्ये अभंग, ओवी, कीर्तन आणलं. त्यांची भजनं मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना तिथे सारखंच स्वागत. हे स्वप्न वाढवायला वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी.

त्याच लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं. टिळकांचा राग, हट्ट, उधळेपणा, आणि ती पाच वर्षं, सगळं त्यात आहे. काहीच झाकलेलं नाही. तरी पुस्तक संपताना आपण टिळकांच्या प्रेमात असतो, कारण लिहिणारी बाई त्यांच्या प्रेमात आहे. टिळकांना जे जमायला निम्मं आयुष्य लागलं, ते त्यांच्या बायकोने त्यांच्याबद्दलच करून दाखवलं. सबमिशन्स संपली की कॉलेजच्या लायब्ररीत ते पुस्तक शोधा. ग्रुपवरचा पुढचा वाद तोपर्यंत थांबू शकतो.