पंडिता रमाबाई : शंकेंतून भरंवशाकडे



मृग नक्षत्र कोरडें गेलें, आकाशांत ढगाचा ठिपका नाहीं, आणि घरांत ज्वारीची एकच पायली उरली आहे, अशा वेळीं शेतकऱ्याच्या मनांत काय येतें हें वर्धा जिल्ह्यांतील रोहण्याच्या माणसास कोणीं सांगावयास नको. तें धान्य मातींत टाकावें, कीं लेंकरांच्या पोटांत घालावें? अशा दिवसांत प्रार्थना करणाऱ्याच्या मनांतहि शंका उठते. देव उदार आहे असें आपण मंडळींत म्हणतों; परंतु तो मला देईल काय? पुष्कळ जण ही शंका लपवितात. उपदेशकास तर ती कबूल करण्याची भीतीच वाटते. म्हणून आज आपण अशा एका बाईचें चरित्र पाहूं, कीं जिनें आपल्या शंका लपविल्या नाहींत, आणि तरीहि शेवटीं जिच्या अंगणांत शेंकडों भुकेलीं मुलें जेवलीं.

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं पश्चिम घाटांतील गंगामूळ येथें अरण्यांत झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे मोठे विद्वान होते. स्त्रियांस संस्कृत शिकवूं नये असा त्या काळीं रिवाज असतां त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला तें शिकविलें, आणि आईनें तें रमाबाईंस शिकविलें. पुढें हें कुटुंब तीर्थोतीर्थीं फिरूं लागलें. देवळाच्या ओट्यावर बसून पुराण वाचावें व लोक जें देतील त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता.

मग दक्षिणेंत मोठा दुष्काळ पडला. जवळ जें कांहीं होतें तें शास्त्रीबोवांनीं देवतांच्या प्रीत्यर्थ दानधर्मांत खर्चिलें. आपण देवास दिलें म्हणजे तो प्रसन्न होऊन आपणांस देईल, अशी त्यांची दृढ समजूत होती. पैसा सरला, भांडीं गेलीं, वस्त्रेंहि गेलीं. मजुरी करण्याची त्या घरास संवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटे. शेवटीं कित्येक दिवस त्यांनीं रानांतील पाला व पाणी ह्यांवर काढले. प्रथम वडील गेले. त्यांच्या मागून थोड्याच काळांत आई गेली. आईचा देह तीन मैल दूर असलेल्या स्मशानांत न्यावयाचा होता आणि खांदा देण्यास माणसें पुरीं मिळेनात. तेव्हां सुमारें सोळा वर्षांच्या, उंचीनें लहान अशा रमाबाईंनीं तिरडीची एक बाजू आपल्या डोक्यावर घेतली. मग थोरली बहीणहि गेली.

उरलीं तीं दोघें भावंडें, श्रीनिवास आणि रमाबाई. तीं पायीं उत्तर हिंदुस्थानापर्यंत गेलीं. झेलम नदीच्या कांठीं थंडीचें निवारण करण्यास पांघरूण नव्हतें. म्हणून वाळूंत दोन खड्डे खणून त्यांत तीं निजत आणि मानेपर्यंत वाळू ओढून घेत. ह्या वाटेवर रमाबाईंच्या मनांत पहिली शंका रुजली. आईबापांनीं देवास सर्वस्व दिलें असतां तीं उपाशीं कां मेलीं? ज्यास द्यावें आणि मगच ज्याच्याकडून मिळावें, असा देव असेल तर दरिद्र्यानें कोणाकडे जावें? ही शंका पुढें पुष्कळ वर्षें त्यांच्याबरोबर चालली.

इ. स. १८७८ मध्यें तीं दोघें कलकत्त्यास पोहोंचलीं. रमाबाईंची विद्वत्ता पाहून तेथील पंडितांनीं त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिन बिहारी दास मेधावी ह्या वकिलाशीं विवाह केला. त्यांच्या घरांत रमाबाईंस बंगाली भाषेंत छापलेलें लूकाचें शुभवर्तमान सांपडलें, आणि त्या तें आवडीनें वाचूं लागल्या. १८८१ मध्यें कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीनें पति गेले. चोवीस वर्षांचें वय होण्यापूर्वींच त्या विधवा झाल्या.

त्या पुण्यास आल्या. येथें नेहेम्या गोऱ्हे ह्यांची व त्यांची ओळख झाली. गोऱ्हेशास्त्री पूर्वीं काशीस राहणारे पंडित होते. सत्य पटल्यावरहि स्वतःच्या शंकांशीं त्यांनीं जन्मभर झुंज घेतली, म्हणून शंकेखोर मनाशीं कसें बोलावें हें त्यांस ठाऊक होतें. त्यांनीं रमाबाईंस घाई केली नाहीं. पुराव्यानिशीं लिहून समजाविलें. १८८३ मध्यें रमाबाई इंग्लंडास गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें त्यांनीं मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

येथें आपल्यापैकीं पुष्कळांची गोष्ट संपते. बाप्तिस्मा झाला, आतां शंका कसली? परंतु रमाबाईंच्या शंका संपल्या नाहींत. त्रैक्याच्या सिद्धांताविषयीं व इतर मतांविषयीं त्यांनीं आपल्या धर्ममातेस, म्हणजे सिस्टर जेराल्डिन ह्यांस, पत्रांतून स्पष्ट प्रश्न विचारले. केवळ वडिलधाऱ्यांनीं सांगितलें म्हणून मान डोलविण्याचें त्यांनीं नाकारलें. त्या बाईंस त्याचें दुःख झालें, पण रमाबाईंनीं प्रार्थना व शास्त्रवाचन सोडलें नाहीं. थोमानें जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाहीं असें म्हटलें, परंतु त्यानें इतर शिष्यांची संगत सोडली नाहीं. म्हणूनच प्रभु आला तेव्हां तो त्या खोलींत होता. रमाबाईंचेंहि तसेंच झालें.

अमेरिकेंतील मित्रांनीं दहा वर्षें मदत करण्याचें वचन दिल्यावर ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस विधवांसाठीं शारदा सदन उघडलें. पुढल्या वर्षीं तें पुण्यास नेलें. काम वाढलें, कीर्ति वाढली. तरी १८९१ च्या सुमारास आपली खरी स्थिति काय आहे हें त्यांच्या ध्यानांत आलें. ख्रिस्ताचा धर्म आपण घेतला, पण ख्रिस्त स्वतः आपणांस मिळाला नाहीं. वडील दानानें देवास प्रसन्न करूं पाहत होते; आपण सत्कर्मांनीं तेंच करूं पाहत आहों. व्यापार तोच, माल मात्र निराळा! तेव्हां त्यांनीं रिकाम्या हातांनीं तारणाऱ्याजवळ जाऊन त्याची कृपा फुकट घेतली. झेलमच्या वाळूंतील प्रश्नाचें उत्तर त्यांस येथें मिळालें. देव विकत देत नाहीं, म्हणूनच दरिद्र्यास त्याच्याकडे जातां येतें.

ह्या उत्तराची लवकरच परीक्षा झाली. १८९३ मध्यें सदनांतील मुली ख्रिस्ती होतात अशी पुण्यांत ओरड झाली. सल्लागार मंडळींनीं आपलीं नांवें काढून घेतलीं आणि पुष्कळ पालक मुलींस घेऊन गेले. अशा दिवसांत ब्रिस्टल येथील अनाथांचे पालक जॉर्ज म्यूलर ह्यांचें चरित्र त्यांच्या वाचनांत आलें होतें. म्यूलरसाहेबांनीं माणसांपुढें हात न पसरतां, केवळ देवाजवळ मागून, हजारों अनाथ वाढविले. हें आपल्या देशांतहि घडूं शकेल काय, असा प्रश्न रमाबाईंपुढें उभा राहिला. हीहि एक शंकाच होती. पण ही पावलें पुढें टाकावयास लावणारी शंका होती.

उत्तर दुष्काळाच्या रूपानें आलें. १८९६ सालीं मध्यप्रांतांत अन्नान्नदशा झाली. आज त्या प्रांताचें नांव राहिलें नाहीं, पण आपला वर्धा जिल्हा त्यांतच होता, आणि दुष्काळाच्या गोष्टी म्हाताऱ्या माणसांनीं सांगितलेल्या अनेक घराण्यांनीं ऐकल्या आहेत. बातमी वाचून रमाबाई प्रथम कचरल्या. हातीं असलेला पैसा ठराविक मुलींपुरता. मदतीचीं दहा वर्षें संपत आलेलीं. इतक्या मुखांस घांस कोठून आणावा? परंतु रानांतला पाला खाल्लेल्या माणसास घरीं बसवेना. त्या मध्यप्रांतांत आल्या, छावण्यांतून व गरीबखान्यांतून फिरल्या, आणि हाडांचे सांपळे झालेल्या मुली व तरुण विधवा बरोबर घेऊन गेल्या. सुमारें तीनशें जणी त्यांनीं जमविल्या.

इतक्यांत पुण्यास प्लेग आला आणि शहरांत नव्या मुली ठेवण्यास मनाई झाली. केडगांव येथें, पुण्याहून सुमारें ३४ मैलांवर, त्यांनीं आधींच जमीन घेऊन ठेविली होती. तेथें झोंपड्या व तंबू ठोकून त्या मुली उतरल्या. ह्याच वस्तीस पुढें मुक्ति हें नांव पडलें. १९०० सालीं गुजराथेंत दुष्काळ पडला तेव्हां तेथूनहि मुली आणल्या, आणि मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या जवळ गेली. पाऊस नाहीं, आसपासच्या विहिरी आटल्या. मुक्तीच्या विहिरींचें पाणी दिवसभर उपसून सायंकाळीं संपे आणि सकाळीं पुन्हां त्यांत दिवसापुरतें पाणी असे. एका महिन्याचें पाणी एकदम कधींच आलें नाहीं. सारफथच्या विधवेच्या मडक्यांतहि पिठाची रास झाली नव्हती. मूठभर पीठ मात्र संपलें नाहीं.

परंतु कोणीं असें समजूं नये कीं रमाबाई हात जोडून स्वस्थ बसल्या. विहिरी त्यांनीं खणविल्या होत्या. जमीन नांगरली, फळझाडें लाविलीं. मुली विणकाम शिकल्या, तेलाची घाणी चालवूं लागल्या, छापखान्यांत खिळे जुळवूं लागल्या. आंधळ्या मुलींसहि काम शिकविलें. देव देतो म्हणून श्रम नको असें नव्हे. देव देतो म्हणूनच श्रम फुकट जात नाहींत, असा त्यांचा व्यवहार होता.

शेवटचीं वर्षें त्यांनीं एका कठीण कामास वाहिलीं. खेड्यांतील साध्या बाईस समजेल अशा मराठींत पवित्र शास्त्र असावें, म्हणून त्यांनीं उतारवयांत इब्री व ग्रीक भाषा अभ्यासिल्या, आणि मुलींच्या हातांनीं स्वतःच्या छापखान्यांत तें छापविण्यास आरंभ केला. तें काम चालू असतां १९२१ सालीं, जिच्यावर पुढील सर्व भार सोंपवावयाचा होता ती मनोरमा मरण पावली. देवाच्या उदारतेवर विसंबणाऱ्याचें कांहीं हिरावलें जात नाहीं असें नाहीं. त्या आईनें डोळे पुसले आणि मुद्रितें तपासणें चालूं ठेविलें. काम संपत आलें आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं प्रभूच्या ठायीं विश्राम घेतला. मुक्तीचें काम केडगांवीं आजहि चालू आहे.

बंधुभगिनींनो, ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावें? शंका आली म्हणजे विश्वास मेला असें नाहीं. मंडळी सोडून, प्रार्थना सोडून, एकट्यानें जी शंका उराशीं धरली जाते ती मात्र माणसास खाते. रमाबाईंनीं ती देवापुढें व विश्वासू माणसांपुढें उघडी केली, आणि उत्तर येईपर्यंत हातांतलें काम टाकलें नाहीं. उत्तरहि पुष्कळदां शब्दांनीं आलें नाहीं. तें दारांत उभ्या असलेल्या भुकेल्या मुलीच्या रूपानें आलें. तिला आंत घेतल्यावर मग धान्य आलें, आधीं नाहीं.

म्हणून, उपदेशक बंधूंनो, आपल्या गांवांत कोणाचें पीक बुडालें असेल आणि तो मंडळींत येईनासा झाला असेल, तर त्यास दोष न देतां त्याच्या ओसरीवर जाऊन बसा, आणि गोऱ्हेशास्त्र्यांप्रमाणें घाई न करतां त्याचें म्हणणें ऐका. आणि आयाबहिणींनो, पीठ दळतांना प्रभूसाठीं मूठ बाजूस काढतां तेव्हां ती मूठ देवास लांच म्हणून काढूं नका. ती शेजारच्या उपाशी लेंकरासाठीं काढा. उद्यांची मूठ कोठून येईल हें आज दिसणार नाहीं. केडगांवच्या विहिरींत रात्रीं पाणी दिसत नव्हतें. प्रभु आपणां सर्वांस आजच्या दिवसापुरता भरंवसा देवो.