संख्यांचे उपासक कै. द. रा. कापरेकर

दापोलीनजीकच्या मुर्डी गावचे रँग्लर र. पु. परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले, हा आपल्या जिल्ह्याचा अभिमानाचा विषय आहे. त्यांच्याच नावाचे गणिताचे पारितोषिक १९२७ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील ज्या विद्यार्थ्याने मिळविले, त्या कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी मातृछत्र हरपले. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद असल्याने आकडेमोडीचे बाळकडू घरीच मिळाले. १९२९ साली ते बी.एस्सी. झाले. पुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळील देवळाली येथे त्यांनी शाळेत अध्यापन केले, आणि शाळा सुटल्यावर संख्यांचा व्यासंग केला.

नऊ एके ओळीने मांडून होणाऱ्या संख्येचा वर्ग करावा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. अंक नऊपर्यंत चढतात व तसेच उतरतात. अंकांची बेरीज ८१, म्हणजे पुन्हा नवाचाच वर्ग; आणि ८१ ने या सतरा अंकी संख्येस निःशेष भागही जातो. दहा एके घेतले की हातचा येऊन मांडणी मोडते. अशा संख्यांना कापरेकरांनी डेम्लो संख्या म्हटले. हे नाव डोंबिवली स्थानकावरून पडल्याचे सांगतात.

त्यांचा ६१७४ हा अंक तर जगप्रसिद्ध आहे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. लोकमान्यांचे रत्नागिरीतील जन्मवर्ष १८५६ घेऊ. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी: ८६५१ वजा १५६८, बाकी ७०८३. पुन्हा ८७३० वजा ०३७८, बाकी ८३५२. पुन्हा ८५३२ वजा २३५८, बाकी ६१७४. संख्या कोणतीही असो, फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच, आणि तेथेच स्थिरावते.

पुष्कळ तज्ज्ञांनी हे काम केवळ करमणूक समजून दुर्लक्षिले. १९६६ साली पत्नी निवर्तल्या. निवृत्तिवेतन अपुरे पडल्याने शिकवण्या कराव्या लागल्या. तथापि उपासना खंडित झाली नाही. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी एका विख्यात मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कोठे जगास त्यांची ओळख पटली. त्या वेळी त्यांचे वय सत्तर होते. १९८६ साली त्यांचे देहावसान झाले.

आपल्या गुणगौरव समारंभात परीक्षेतील गुण मोजले जातात, ते योग्यच आहे. परंतु पोटापाण्याचा उद्योग सांभाळून एखाद्या विषयाचा ध्यास घेतलेला शिक्षक वा कारकून आपल्या कुटुंबांतही असेल. त्याची विचारपूस परदेशातून होण्याची वाट आपण पाहू नये, एवढीच ज्ञातिबांधवांस विनंती आहे.