सोवळ्यातून बाहेर पडलेल्या लक्ष्मीबाई टिळक

नाशिकजवळच्या जलालपूरचे गोखल्यांचे घर. वडिलांना सोवळ्याचे इतके वेड की बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची. त्याचा जाच आईला आणि लेकरांना. या घरात १८६८ मध्ये लक्ष्मीबाईंचा जन्म झाला. शाळा नाही. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले, अक्षरओळखही त्यांनीच करून दिली.

१८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षे वेगळ्या राहिल्या. नवऱ्यामागे धर्म बदलणारी बाई असे त्यांना समजणे चुकीचे आहे. त्यांनी आधी जात सोडली, तीही स्वतः विचार करून. कुणाच्याही हातचे खायला-प्यायला लागल्या. बाप्तिस्मा १९०० मध्ये, म्हणजे नंतर. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. कारण धर्मांतर करूनही जात सोबत नेणारे आपण सगळीकडे पाहतो, ख्रिस्ती समाजातही आणि आपल्यातही. लग्नाची बोलणी सुरू झाली की पोटजात विचारणारे बौद्ध काय कमी आहेत?

नगरला त्यांनी प्लेगच्या रुग्णांची सेवा केली, परक्यांची लेकरे आपली म्हणून वाढवली. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ बाईंनी पूर्ण केले. ‘स्मृतिचित्रे’त तर स्वतःच्या सोवळ्याचीही त्यांनी भरपूर थट्टा केली आहे.

१९३० मध्ये नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, १९३५ मध्ये येवल्याची घोषणा. त्यानंतर काही महिन्यांनी, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, लक्ष्मीबाई याच नाशकात वारल्या.