नानांची रेल्वे आणि पनवेलचे स्थानक

जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना यांचे नाव मुंबईच्या इतिहासात शाळा, महाविद्यालये आणि सार्वजनिक संस्था यांच्या संदर्भात वारंवार येते. आगगाडीच्या संदर्भात मात्र त्यांची आठवण बहुधा एका चित्रापुरती उरते. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीन वाजता, तीन इंजिने जोडलेली चौदा डब्यांची गाडी बोरीबंदरहून ठाण्यास निघाली. तिच्यातील सुमारे चारशे निमंत्रितांत नाना होते. या चित्रामागे पैशाचा जो व्यवहार होता, त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. रेल्वेचा खर्च कोणी सोसला आणि तिच्यामुळे निर्माण झालेली संपत्ती कोणाच्या पदरात पडली, हे दोन प्रश्न नानांच्या काळात उपस्थित झाले होते. पनवेलचे रेल्वे स्थानक आज ज्या वाढीच्या उंबरठ्यावर उभे आहे, ती पाहता हेच प्रश्न पुन्हा विचारणे अगत्याचे झाले आहे.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा. कुटुंब दैवज्ञ समाजातील, मूळचे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडकडचे आणि व्यापारात नाव मिळविलेले. १८२२ मध्ये वडील शंकरशेट वारले आणि विशीच्या आतच मोठ्या पेढीचा आणि मुंबईतील विस्तृत स्थावराचा कारभार नानांच्या अंगावर पडला. एवढी मालमत्ता हाती असलेला तरुण व्यापार वाढवीत स्वस्थ आयुष्य काढू शकला असता. नानांनी वेगळा मार्ग धरला. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या काळात सुरू झालेल्या शिक्षण मंडळीच्या कामात ते शिरले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या उभारणीस त्यांनी पाठबळ दिले, आणि १८४९ मध्ये मुलींची शाळा चालविण्यासाठी आपल्या वाड्यातील जागा दिली. मुलींना शिकविणे हेच पाप मानणारा समाज भोवती असताना हे पाऊल टाकणे सोपे नव्हते.

रेल्वेच्या कल्पनेकडे नाना याच वृत्तीने वळले. १८४५ च्या सुमारास सर जमशेटजी जीजीभाई आणि इतर प्रतिष्ठितांसह त्यांनी मुंबईत रेल्वेसाठी संघटित प्रयत्न सुरू केले. पुढे लंडनमध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी आकारास आली आणि तिच्या मुंबईतील समितीत जमशेटजींबरोबर नानांना स्थान मिळाले. कंपनीच्या कचेरीसाठी नानांनी गिरगावातील आपल्या वास्तूत जागा दिली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

हमीचा व्यवहार

१८४९ चा करार अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य अभ्यासावा असा आहे. कंपनीचे भागधारक बहुतांशी इंग्लंडमधले. त्यांच्या भांडवलावर ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने दरसाल पाच टक्के परताव्याची हमी दिली. मार्गासाठी लागणारी जमीनही सरकारने फुकट पुरविली. उत्पन्न कमी पडले तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून द्यावयाची आणि अधिक झाले तर जादा नफ्यात भागधारकांनाही वाटा मिळावयाचा, अशी ही व्यवस्था होती. तिजोरीचा मोठा आधार शेतसारा हाच होता. म्हणजे ज्या शेतकऱ्याने आगगाडी कधी पाहिलीही नव्हती, तो तिच्या तोट्याचा जामीन झाला. परतावा निश्चित असल्यामुळे खर्चात काटकसर करण्याची निकडही कोणाला राहिली नाही. अखेर १९०० मध्ये सरकारने ही रेल्वे विकत घेतली.

याचा अर्थ नानांनी रेल्वेचा पुरस्कार केला ही चूक होती, असा नव्हे. रेल्वेवाचून मुंबई आजची मुंबई झाली नसती. परंतु सार्वजनिक पैसा गुंतविला जातो, तेव्हा त्यातून होणाऱ्या लाभातही सार्वजनिक वाटा ठरलेला असला पाहिजे, ही अट त्या करारात नव्हती. स्थानकाभोवतालच्या जमिनीचे मोल वाढले, ते जमीनमालकाच्या खिशात गेले. मालकाने त्यासाठी घाम गाळलेला नसतो. रूळ दुसऱ्याच्या पैशाने पडलेले असतात. अशा मूल्यवाढीला अर्थशास्त्रात अनर्जित वाढ म्हणतात.

या नाण्याची दुसरी बाजू पनवेलने अनुभवली. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाल्यापासून पुण्याकडील माल व उतारू मुंबईहून जलमार्गाने पनवेल बंदरात येत आणि तेथून घाट चढत. बैलगाड्यांची चाके बनविण्याबद्दल पनवेलची ख्याती होती. देशावरून उतरणारे गाडीवान येथून चाके घेऊन परतत. रेल्वे मात्र १८५४ मध्ये कल्याणला पोहोचली आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून पुण्याच्या वाटेला लागली. पनवेल बाजूला पडले आणि त्याचा व्यापार ओसरला. मुंबई-ठाणे गाडीनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९६४ मध्ये, दिवा-पनवेल मार्गाने येथे आगगाडी आली. स्थानक जवळ आले म्हणून कोणी श्रीमंत होतो आणि दूर गेले म्हणून कोणी बुडतो. दोन्हींत त्याचे स्वतःचे कर्तृत्व थोडेच असते.

कराचा हिशेब मागणारे नाना

नानांच्या चरित्रातील आणखी एक धागा येथे जोडला पाहिजे. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशनची स्थापना झाली आणि नाना तिचे अध्यक्ष झाले. या संस्थेने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठवून खर्चिक राज्यकारभाराविषयी गाऱ्हाणे मांडले आणि कारभारात येथील लोकांना वाटा मागितला. कर देणाऱ्याला खर्चाविषयी बोलण्याचा हक्क आहे, हे तत्त्व त्या अर्जामागे होते. १८६२ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळावर नानांची नियुक्ती झाली, ती याच सार्वजनिक कार्याच्या बळावर. योगायोग असा की, पनवेलची नगरपालिकाही १८५२ चीच. नागरिकांनी स्थानिक सुधारणांसाठी स्वतःवर कर बसवून घ्यावा, या १८५० च्या कायद्यातील कल्पनेवर ती उभी राहिली. २०१६ मध्ये तिची महानगरपालिका झाली.

नानांचे निधन ३१ जुलै १८६५ रोजी झाले. त्याच महिन्याच्या आरंभी मुंबईचा शेअर बाजार कोसळला होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, मुंबईत पैशाचा पूर आला आणि बॅक बे रेक्लमेशन कंपनीचे भाग दर्शनी किमतीच्या कितीतरी पट दराने विकले गेले. रेल्वेसाठी समुद्र हटवून जमीन काढावयाची आणि उरलेली जमीन विकून नफा मिळवावयाचा, ही त्या योजनेची मूळ कल्पना. युद्ध संपले, कापूस उतरला आणि कंपनी बुडाली. जमिनीच्या भावी किमतीवरच सार्वजनिक बांधकामाचा सारा डोलारा उभारला, म्हणजे मंदी येताच काय होते, याचा हा धडा आजही लागू पडतो.

पनवेलपुढील मार्ग

रेल्वेच्या खर्चात जमिनीला वाटेकरी करण्याचा मोठा प्रयोग याच परिसरात झाला आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने मानखुर्दहून नवी मुंबईत येणाऱ्या रेल्वेच्या खर्चाचा सुमारे दोनतृतीयांश वाटा उचलला, उरलेला रेल्वेने. १९९२ मध्ये गाडी वाशीला आली, १९९८ मध्ये पनवेलला. वाशी आणि बेलापूर येथे स्थानकांवरच कार्यालयांच्या इमारती उभारण्यात आल्या. वाढलेल्या जमिनीच्या किमतीतून रेल्वेचा खर्च निघाला, हे या प्रयोगाचे यश मानावे लागेल.

परंतु ती जमीन येथील शेतकऱ्यांची होती. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व मान्य झाले. अनर्जित वाढीतील पहिला वाटा मूळ भूमिपुत्राचा, हे या बलिदानाने शिकविले आहे.

आता पनवेलवरील भार नव्या प्रकारे वाढत आहे. पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग २०१६ मध्ये मंजूर झाला. त्याच्या खर्चाचा भार रेल्वे व राज्य शासन यांनी निम्मा-निम्मा उचलावयाचा आहे. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. सदनिकांच्या जाहिरातींत स्थानकापासूनचे अंतर मिनिटांत मोजले जाते. ही मिनिटे विकणाऱ्याने स्थानकाच्या खर्चात काही भर घालावी, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे नाही. महत्त्वाच्या नागरी वाहतूक प्रकल्पांसाठी विकास शुल्क वाढविण्याची तरतूद राज्याच्या नगररचना कायद्यात २०१५ मध्येच करण्यात आली आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, विकासक हे शुल्क ग्राहकाच्याच माथी मारील. शुल्क अचानक लादले तर तसे घडेल हे खरे. ते आगाऊ जाहीर केलेले असेल, तर विकासक जमीन घेतानाच तेवढी कमी किंमत देऊ करील आणि भार बहुतांशी जमिनीच्या चढ्या किमतीवर पडेल. म्हणूनच शुल्काचे दर काही वर्षे आधी ठरले पाहिजेत. गावठाणातील जुनी घरे आणि भूमिपुत्रांचे भूखंड त्यातून वगळले पाहिजेत. शुल्क मिळावे म्हणून सरसकट वाढीव चटईक्षेत्र वाटणे तर टाळलेच पाहिजे. कारण त्यातून येणारी गर्दी त्याच फलाटावर उतरणार आहे.

तरीही पादचारी पूल, फलाट, स्वच्छतागृहे, बससाठी जागा या मूलभूत सोयींचा खर्च रेल्वे, राज्य शासन आणि महानगरपालिका यांनी आधी केला पाहिजे. घरबांधणीच्या तेजीची वाट पाहत रोजचा प्रवासी थांबू शकत नाही. विकासकांकडून येणारी रक्कम या पायावरची भर असावी, आणि तिचे स्वतंत्र खाते असून त्याचा हिशेब दरवर्षी नागरिकांपुढे यावा.

मुंबई सेंट्रल स्थानकाला नानांचे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. हा सन्मान उचितच आहे. स्वतःच्या वाड्याची जागा सार्वजनिक कामासाठी देणारा आणि सरकारकडे कराचा हिशेब मागणारा असा हा गृहस्थ होता. पनवेलच्या स्थानकाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकत्र घडून आल्या, तर नानांचे स्मरण केवळ फलकापुरते राहणार नाही.